लाल लालला, काळी काळीला

घरात नवा स्टिरिओ आला की स्पीकरच्या वायरीवरून दोन मते हमखास ऐकू येतात. एक दुकानातले: एवढे भारी स्पीकर घेतलेत, आता वायरही त्याच तोलाची घ्या. दुसरे घरातले: वायर ती वायर, कुठलीही जोडा, आवाज आल्याशी कारण. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. पहिल्याने खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्याने संगीत बिघडते.

आधी पहिला पक्ष. त्यांचे म्हणणे असे की महागड्या वायरीतले तांबे जास्त शुद्ध असते, म्हणून आवाज जास्त स्वच्छ येतो. आता हिशेब पाहा. अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार झाली १० मीटर. इलेक्ट्रिशियन जिला दीडची (म्हणजे दीड चौरस एमएमची) वायर म्हणतात, तिच्यात एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. पुढे स्पीकर आहे ८ ओहमचा. म्हणजे वाटेत गळते ते दीड टक्का, आवाजात मोजले तर जेमतेम ०.१ डेसिबल. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबे वीज वाहून नेण्यात साध्या विद्युत दर्जाच्या तांब्यापेक्षा फार तर टक्काभर सरस असते. दीड टक्क्याच्या गळतीतला एक टक्का वाचवून कानाला काय मिळणार?

दुसरा दावा वायरीवर छापलेल्या बाणांचा. पण स्पीकरकडे जाणारा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. ५० हर्ट्झचा खर्ज वाजताना तो सेकंदाला ५० वेळा पुढे जाऊन मागे येतो. अशा प्रवाहाला बाण कोणती वाट दाखवणार? तिसरा आग्रह दोन्ही वायरी तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्यात असा. मीटरभर जास्तीच्या तारेने संदेशाला जो उशीर होतो, तो सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा. तुम्ही खुर्चीत डोके बोटभर हलवलेत तर यापेक्षा हजारो पटींनी मोठा फरक पडतो.

‘पण मला फरक ऐकू येतो’ असे म्हणणाऱ्याला मी खोटे ठरवणार नाही. आवाज किंचित मोठा झाला तरी तो अधिक चांगला वाटतो, आणि किंमत ठाऊक असली की कानही तिच्या बाजूने झुकतात. म्हणून घरातल्या कुणाला तरी न सांगता वायर बदलायला लावा, आवाजाची पातळी तीच ठेवा आणि दहा वेळा ओळखून कागदावर लिहा. त्या कागदाचा निकाल मी मान्य करीन.

या पक्षाचे एक म्हणणे मात्र खरे आहे: वायरीने फरक पडू शकतो. दिवाणखाना मोठा असेल, स्पीकर १५ मीटरवर आणि ४ ओहमचा असेल आणि वायर टेबललॅम्पला असते तशी अर्ध्या चौरस एमएमची बारीक असेल, तर शक्तीचा पाचवा हिस्सा तारेतच जिरतो. त्यावर उपाय आहे तो जाडी. अडीचची वायर घातली की तीच गळती पाच टक्क्यांवर येते. फक्त वायर तांब्याचीच आहे ना, ते पाहून घ्या. टोक ब्लेडने खरवडले आणि आत पांढरे दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे.

आता ‘कुठलीही जोडा’ म्हणणारे. एका स्नेह्यांकडे नव्या सिस्टिमवर ख्याल ऐकत होतो. तबल्याच्या डग्ग्यात जीव नव्हता, आणि गायिका समोर बसल्यासारखी वाटण्याऐवजी तिचा आवाज खोलीभर पसरून कुठेच ठरत नव्हता. बॅटरी घेऊन कपाटामागे वाकलो. वायर पारदर्शक, दोन्ही पदर सारखेच दिसणारे. एकाच्या कडेला बोटाला लागेल एवढी बारीक उभी रेघ. उजव्या स्पीकरला ती रेघेची तार काळ्यात गेली होती, डाव्याला लालमध्ये. अँप्लिफायर बंद करून दोन तारांची अदलाबदल केली. पुन्हा लावल्यावर गायिका दोन्ही स्पीकरच्या मधोमध येऊन बसली आणि डग्गा घुमू लागला.

कारण सरळ आहे. जोडणी उलटी झाली की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो आवाज जिथला आहे तिथूनच ऐकू यावा म्हणून. दोन स्पीकर एकजुटीने हलले तरच ते साधते. एक तार उलटी गेली की स्टिरिओ घेण्याचा हेतूच संपतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच: पैसे वाचवा आणि तेवढे लक्ष जोडणीत घाला. वायरीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. वायर अँप्लिफायरपासून सोडवून तिची टोके सेलला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा पुढे सरकला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लालची. टोके सोलल्यावर तांब्याचे केस घट्ट पिळून घ्या. एक सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होऊन अँप्लिफायर जळू शकतो. एकाच आउटपुटवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर अँप्लिफायरला ४ ओहमचा भार दिसतो. तो पेलणार का, हे त्याच्या पाठीवर छापलेले असते, आधी वाचा. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या हवेने तांबे हिरवे पडते. वर्षातून एकदा टोके कापून ताजी सोला. सोन्याचा मुलामा दिलेले प्लग गंजत नाहीत, एवढा त्यांचा उपयोग खरा.

यातल्या कशालाही फारसे पैसे पडत नाहीत. अर्धा तास आणि हातात एक बॅटरी पुरते. आज रात्री आवडीची मैफल लावण्याआधी कपाट थोडे पुढे ओढा आणि चारही टोके पाहून घ्या: लाल लालला, काळी काळीला.