चोरी कुणाच्या घरी झाली?

२०२५ च्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळासाठी गेलो होतो. दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर एक अमेरिकी दरोडापट चालू होता आणि घरातल्या तीन पिढ्या चकल्या खात तो पाहत होत्या. गोळ्या सुटत होत्या, माणसे पडत होती. सातवीतल्या नातवाने मध्येच विचारले, ‘‘आजोबा, तो पडला तो माणूस मेला का?’’ आजोबा उत्तर शोधत होते, तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, ‘‘अरे, त्याचं काय घेऊन बसलास? पुढे बघ!’’

या एका वाक्यात या सबंध चित्रप्रकाराचे तत्त्वज्ञान आले.

चित्रपटाचे नाव ‘प्ले डर्टी’. शेन ब्लॅक दिग्दर्शक, मार्क वॉलबर्ग नायक. १ ऑक्टोबर २०२५ रोजी तो अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवरून थेट घरोघर पोहोचला. यातील नायक पार्कर हा व्यावसायिक दरोडेखोर आहे. डोनाल्ड वेस्टलेक या अमेरिकी लेखकाने ‘रिचर्ड स्टार्क’ या टोपणनावाने १९६२ ते २००८ या काळात पार्करवर २४ कादंबऱ्या लिहिल्या. चित्रपटकर्त्यांनी त्यांतली पात्रे उचलली आणि कथानक मात्र स्वतःचे रचले.

वेस्टलेक हे कसबी लेखक होते, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. त्यांचा पार्कर मितभाषी, कोरडा आणि निर्दय आहे. चोरी हा त्याचा धंदा आहे आणि लेखक त्याच्यासाठी वाचकाकडे सहानुभूतीची भीक मागत नाही. परंतु हा पार्कर २४ पुस्तके जगला कसा, याची हकीकत उद्बोधक आहे. ‘द हंटर’ या पहिल्या कादंबरीच्या मूळ हस्तलिखितात तो शेवटी पोलिसांच्या हाती लागत होता. प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने सुचविले, की त्याला निसटू द्या, म्हणजे त्याच्यावर आणखी पुस्तके काढता येतील. वेस्टलेक यांनी शेवट बदलला. गुन्हेगाराला शिक्षा न होणे म्हणजे वास्तववाद, असे आपल्याला विद्वान समीक्षक वारंवार ऐकवितात. पार्करची सुटका ना वास्तवाने केली, ना कलेने. ती पुस्तकविक्रीच्या हिशेबाने केली! हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे, असा दंडक होता. तो दंडक कृत्रिम होता आणि तो परत आणावा, असे मी म्हणत नाही. पण त्याच्या जागी आलेला नियमही बाजाराचाच दंडक आहे, एवढे तरी ओळखावे.

कोणी म्हणेल, ही सोवळ्यातली ओरड आहे. चोराची गोष्ट आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि कितीतरी रसाळ होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवा. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, म्हणून तो आपल्या घरचाच झाला आहे. चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड कोणत्या आकाराचे पाडावे, याचा हा गृहस्थ शास्त्रीय विचार करतो आणि गळ्यातल्या जानव्याने माप घेतो! प्रेक्षक खळखळून हसतो. पण तो दागिन्यांची पेटी घेऊन मदनिकेकडे जातो, तेव्हा तिला पहिली काळजी कशाची वाटते? त्या घरात कुणाला इजा तर झाली नाही ना, याची. आणि ज्या घरी चोरी झाली, ते घर शूद्रक आपल्याला दाखवितो. ठेव गेली म्हणून चारुदत्ताची अब्रू जाऊ नये, यासाठी त्याची पत्नी धूता अंगावरची रत्नमाला काढून देते. चोर चतुर आहे, प्रेमिक आहे, पुढे मित्रही होतो. परंतु त्याच्या चातुर्याची किंमत कोणी मोजली, हे नाटककार विसरत नाही. मदनिकेचा प्रश्न आणि सातवीतल्या त्या मुलाचा प्रश्न एकच आहे. मदनिकेला कोणी ‘पुढे बघ’ म्हटले नाही.

‘प्ले डर्टी’ने तर यावर आणखी कळस चढविला आहे. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातला खजिना, दक्षिण अमेरिकेतला एक दरिद्री देश, त्याचा लुटारू हुकूमशहा आणि त्याच्या तावडीतून तो खजिना हिसकावण्याचा बेत, अशी ही योजना. म्हणजे दरोड्याला देशकार्याची झूल! मूळ पार्करला असल्या झुलीची गरज नव्हती; त्या अर्थाने कादंबरी अधिक प्रामाणिक होती. आता प्रेक्षकाने चोरीचा आनंदही लुटावा आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यावे, अशी दुहेरी सोय झाली.

असल्या खजिन्यांचे खरे प्रश्न मात्र बंदुकीने सुटत नाहीत. ‘सान होसे’ हे स्पॅनिश जहाज १७०८ साली आजच्या कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि २०१५ साली ते सापडल्याचे कोलंबियाने जाहीर केले. त्यावर कोलंबियाचा दावा आहे, स्पेनचा आहे, एका अमेरिकी शोधकंपनीचा आहे आणि ज्यांच्या पूर्वजांना खाणीत राबवून ती चांदी काढली गेली, त्या बोलिव्हियातील मूळनिवासींचाही आहे. आपल्याला तर हे दुःख परके नाही. तमिळनाडूतील श्रीपुरंथनच्या मंदिरातून नटराज चोरीला गेला आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो पन्नास लाख डॉलरला विकत घेतला. २०१४ साली तो मायदेशी आला. तो काही मुखवटे घातलेल्या टोळीने आणला नाही. जुनी छायाचित्रे धुंडाळणाऱ्या, नोंदी ताडून पाहणाऱ्या आणि पोलिसांत तक्रारी गुदरणाऱ्या चिकट माणसांनी आणला. त्यांच्यावर चित्रपट कोण काढणार? त्यात एकही गाडी उलटत नाही.

राहता राहिला कायद्याचा प्रश्न. चित्रपटगृहात ‘ए’ प्रमाणपत्राच्या खेळाला मूल आले, तर द्वारपालाने त्याला अडवायचे असते. घरपोच येणाऱ्या चित्रपटांना सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही; २०२१ च्या नियमांनुसार वयोगट स्वतः कंपनीनेच ठरवायचा आणि मुलांसाठी कुलपाची सोय ठेवायची. म्हणजे द्वारपालाची नोकरी आता आईवडिलांकडे आली आहे. ‘प्ले डर्टी’ला खुद्द अमेरिकेत हिंसा आणि शिवराळ भाषा यांसाठी ‘आर’ हा वर्ग मिळाला आहे; तिथेही सतरा वर्षांखालील मुलाला मोठ्यांच्या सोबतीविना तो चित्रपटगृहात पाहता येत नाही. इथे मोठ्यांची सोबत होतीच, चकल्यांसकट.

निघताना मी स्नेह्यांच्या चिरंजिवांकडे त्या कुलपाचा विषय काढला. सोय होती, पण ती कुठे सापडते हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी सातवीतल्या मुलानेच दोन मिनिटांत ते कुलूप लावून दिले. त्याचा सांकेतिक क्रमांकही त्यानेच ठरविला.