मंदीचा भार कोणाच्या माथी?

बाजार मंदावला की श्रीमंत देशांतील उंची लाकडाचा व्यापारी दूरच्या लहान पुरवठादारावर प्रथम कुऱ्हाड चालवितो. ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील पेतेन प्रांतात ही कुऱ्हाड थेट जंगलावर पडते.

तेथे १९९० मध्ये माया जैवमंडल राखीव क्षेत्र घोषित झाले व १९९४ पासून त्यातील काही रान २५ वर्षांच्या कराराने गावकऱ्यांच्या संघटनांकडे आले. कार्मेलिता, वाशाक्तून ही मूळची रानचीक गोळा करणाऱ्यांची गावे. दरवर्षी एकाच पट्ट्यात तोड करावयाची, मोजकीच पक्व महोगनी पाडावयाची, बियांसाठी झाडे राखावयाची आणि मग तो पट्टा कित्येक वर्षे शिवावयाचा नाही, ही त्यांची रीत. याच क्षेत्रातील लागुना देल तिग्रे या राष्ट्रीय उद्यानात, सरकारी पहारा असताना, गुरांच्या कुरणांसाठी रान जळत गेले!

वणव्याविरुद्धची गस्त, प्रमाणपत्राचा खर्च, आरागिरणीतील मजुरी हे सारे लाकडाच्या विक्रीतूनच निघावयाचे. २००८ मध्ये अमेरिकेतील घरबांधणी कोसळली, तशा काळात मोठी कंपनी तोटा सोसून थांबू शकते. गावाची संस्था थांबली की गस्तही थांबते. कुरणवाले तर टपलेलेच असतात.

अशा वेळी गिटार व फर्निचरच्या कारखानदारांनी भाव पाडून मागण्याऐवजी आगाऊ रक्कम देऊन पुढील हंगामाचा माल बांधून घ्यावा. याला दानधर्म म्हणू नये. आजवर फुकट घेतलेल्या राखणीची ती मजुरी आहे. महोगनीचाच हट्टही सोडावा. सांता मारियासारख्या अल्पपरिचित लाकडाला गिऱ्हाईक मिळाले, तर तिच्यावरील ताण तेवढाच उतरेल.