वंशावळीत नसलेली पणजी

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आजही नामावळीच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि यात्रेला आलेल्या पणजोबांचं नाव समोर येतं. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवत. कितीतरी घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. कोण कुणाचा मुलगा, हे लिहून ठेवण्याची महाराष्ट्राला जुनी सवय आहे.

या कागदांत पणजी कुठे असते? बहुतेक ठिकाणी ती अमुक यांची पत्नी, एवढ्यावर संपते. तिचं माहेर कसं होतं, किती मुलं जगली, किती गेली, टंचाईच्या वर्षी चुलीवर काय शिजलं, यातलं काहीच वहीत नसतं. ते सांगणारं माणूस गेलं की घरातून ते कायमचं जातं. म्हणून घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी वंशवृक्ष काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना, त्यातही बायकांना, बोलतं करायला हवं.

अशा बोलण्यातून केवढा इतिहास उभा राहतो, याचे दाखले इथेच आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पातून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी त्या ओव्या वाचल्या. मुंबईत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून तिथला इतिहास नोंदवला. ते पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

घरातल्या नोंदीसाठी मोबाइल पुरतो. कौशल्य लागतं ते प्रश्न विचारण्यात. ‘हे कुठल्या साली झालं?’ असं विचारलं की आजी अडखळते. ‘पानशेत फुटलं तेव्हा तू केवढी होतीस?’ असं विचारलं की पुण्याच्या आजीला शाळा, वाडा, नदीकाठचे शेजारी सगळं आठवायला लागतं आणि ऐकणाऱ्याला १२ जुलै १९६१ ही पक्की तारीख हाती येते. कराड-पाटणकडे हेच काम ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप करतो. मराठवाड्यात रझाकारांचे दिवस, गोव्यात पोर्तुगीज गेले ते वर्ष. स्वतःची जन्मतारीख न सांगता येणारी माणसंही या खुणांवरून आपलं वय सांगू शकतात.

१९७२ चा दुष्काळ तर अजून हजारो घरांत जिवंत आहे. त्या वेळी खडी फोडायला गेलेल्या तरुण सुनांनी आता सत्तरी ओलांडली आहे. सुकडीची चव, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, तान्ह्या बाळाला झोळीत टाकून पाझर तलावावर केलेलं मातीकाम, हे सगळं त्या तपशिलात सांगतात. सरकारी अहवालात मजुरांची संख्या मिळेल. मजुरीचे पैसे घरात कुणाच्या हातात पडत होते, ते या बायकाच सांगू शकतात.

बैठक मात्र शांत हवी. आजोबा शेजारी बसले की आजीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तेच देतात. तिला वेगळं बसवावं, शेंगा सोलताना किंवा भाजी निवडताना बोलू द्यावं. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव नोंदवावं. मधेच चूक काढू नये. दोन आत्यांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला तर दोन्ही ठेवावेत. वाटणीचे तंटे, सासुरवास, लपवलेली दुखणी असं काही निघालं तर ते कुणाला ऐकवायचं, हे तिलाच ठरवू द्यावं. उतरवून काढताना तिची अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी तशीच राहू द्यावी, पुस्तकी करू नये. आणि फाइल एकाच फोनवर ठेवू नये. फोन बिघडला की सगळं जातं. दुसरी प्रत घरातल्या आणखी कुणाकडे द्यावी.

लग्नात नवरीचं नावच बदलण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. त्यामुळे अनेक नातवंडांना आजीचं माहेरचं नाव ठाऊक नसतं. येत्या रविवारी तिच्याजवळ बसा, फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिल्यांदा तेच विचारा.