लंडन पाहू नका, लंडनमध्ये राहा!

सप्टेंबर आला की आपल्या समाजातील मुले-मुली विलायतेला निघतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून राज्य शासन दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना पाठवते. केंद्राची शिष्यवृत्ती वेगळी. वस्तीत सत्कार होतात. कागदपत्रे तपासून घ्यायला काही जण आमच्याकडे येतात. व्हिसा, फी, विमान या साऱ्याची चौकशी करतात. पण तिथे राहायचे कसे, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

परक्या शहरात दोन प्रकारे राहता येते. एक पाहुण्यासारखे. म्हणजे वर्ग, खोली आणि रविवारी टॉवर ब्रिजपुढे फोटो. दुसरे, त्या शहराचे रहिवासी होऊन. बाबासाहेब दुसऱ्या प्रकारे राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय हे त्यांचे दुसरे घर होते. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. त्या काळी बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षेबरोबरच इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणे सक्तीचे होते. ज्याला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या नळाला हात लावण्याची बंदी होती, तो माणूस लंडनमध्ये इंग्रज विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसून कायदा शिकला. हे शिक्षण कोणत्या पदवीपेक्षा कमी आहे?

आज मात्र वेगळाच धोका आहे. विलायतेत भारतीयांच्या मोठ्या वस्त्या झाल्या आहेत. नवा विद्यार्थी सोयीसाठी तिथेच खोली घेतो. डाळ-भात मिळतो, बोलायला आपली भाषा मिळते. पण त्यांच्यासोबत जातही मिळते. "आडनाव काय? गाव कुठले? मटण-मासे खाता का?" हे प्रश्न समुद्र ओलांडून आधीच तिथे पोहोचले आहेत. आडनाव सांगताच ठरलेली खोली "दुसऱ्याला दिली" झाल्याचे आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. हजारो मैल जाऊन पुन्हा त्याच आळीत अडकायचे काय?

तिथला कायदाही याबाबत अर्धवट आहे. समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ब्रिटिश संसदेने २०१३ साली केली. २०१८ साली सरकारने ती अंमलात न आणण्याचे ठरवले. भरवसा उरला तो २०१४ च्या एका निकालावर. जातिभेद काही वेळा 'वांशिक मूळ' या कारणाखाली येऊ शकतो, असे अपिली न्यायाधिकरणाने त्यात म्हटले. ही लढाई अपुरी आहे. ती पुढे नेणारा माणूस त्या शहराला ओळखणारा असला पाहिजे.

आपल्या माणसांना टाळा, असे आम्ही म्हणत नाही. दार मात्र उघडे ठेवा. रहिवासी होण्याला पैसा लागत नाही. ट्यूबपेक्षा बस स्वस्त, आणि बसमधून शहर दिसते. रस्त्यावरच्या बाजारात वाडग्याच्या भावाने भाजी मिळते. आपल्या भागातील डॉक्टरकडे पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवा. कौन्सिलच्या वाचनालयाचे सभासदत्व फुकट आहे, ब्रिटिश लायब्ररीचा वाचक-पासही फुकट आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने ओल्ड बेलीच्या प्रेक्षक-गॅलरीत बसून खटले ऐकावेत. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे भारत राष्ट्रकुलात असल्याने तिथे राहणारा भारतीय विद्यार्थी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. कौन्सिललाही आणि संसदेलाही! मताचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

कौन्सिल कशासाठी समजून घ्यायची, असे कोणी विचारील. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आपले सगळेच तिथे फोटो काढतात. पण त्या घराच्या संग्रहालयाला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली होती. काही शेजाऱ्यांच्याही हरकती होत्या. २०१९ साली जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. बाबासाहेबांच्या घराचा प्रश्नसुद्धा तिथे स्थानिक नियोजनाच्या नियमांनी सुटला. ज्याला कौन्सिल कळते, तोच अशा वेळी कामाला येतो.

विद्यार्थी मित्रांनो, शिष्यवृत्तीचा पैसा हा जनतेचा पैसा आहे, आणि ती शिष्यवृत्ती चळवळीने झगडून मिळवली आहे. परत याल तेव्हा पदवी तर आणाच. पण सामान्य माणूस तिथे कौन्सिलला जाब कसा विचारतो, भाडेकरू आपला हक्क कसा मागतो, वाचनालय सर्वांना खुले कसे राहते, हेही शिकून या. आपल्या नगरपालिकांना आणि वस्त्यांना त्याची गरज आहे.

जयभीम!