नव्या इंजिनाला घाट दाखवा

परवा आमच्या पद्मिनीचं इंजिन सुरू झालं. सोळा वर्षांनी! काकू, मामी आणि समस्त पुणेकर मंडळी, तुमचे फोन पोचले. फोटो सवडीनं टाकतो. आज मात्र मला भांडायचंय. कारण फोन करणाऱ्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला, "आता हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नकोस हो, इंजिन नवीन आहे."

मी दुसऱ्याच दिवशी गाडी जव्हारहून मोखाड्याला आणि तिथून पुढे तोरंगण घाटात नेली. आणि बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी पद्मिनी फक्त सिनेमातच बघितलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्याची गाडी. आधी १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट', मग १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक घोड्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली तेव्हा लोकांनी केवढे गळे काढले! आमची तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तिच्यासाठी कुणी रडलं नाही. असो.

हे इंजिन बाबांनी एकदा आधीही बांधून घेतलं होतं, १९९७ साली, मोखाड्याच्या एका मिस्त्रीकडून. बाबा शाळामास्तर, त्यामुळे पथ्यपाणी कडक. मागच्या काचेला 'रनिंग इन'ची पाटी. रोज सकाळी अंगणात गाडी चालू करून ठेवायची आणि शेजारी खुर्ची टाकून अर्धा तास पेपर वाचायचा. गाडी बाहेर काढलीच तर बाजारापर्यंत, तिसाच्या वेगानं. घाट वर्ज्य. आणि एवढं जपूनही गाडी ऑइल प्यायला लागली. निळा धूर, काळे प्लग, महिन्याला लिटरभर ऑइल. बाबांनी निष्कर्ष काढला की मिस्त्रीनं जुन्याच रिंगा बसवल्या. त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. धूर सोडत गाडी आणखी बारा वर्षं चालली, मग ताडपत्रीखाली गेली.

यंदा इंजिन खोललं तेव्हा आत्ताच्या मिस्त्रीनं मला सिलिंडरच्या आतून बोट फिरवायला सांगितलं. गुळगुळीत, आरशासारखं. रिंगा चांगल्या प्रतीच्या होत्या, झिजलेल्या नव्हत्याच. "ह्या बसल्याच नाहीत कधी," तो म्हणाला.

बोर केल्यावर सिलिंडरला होनिंग करतात. त्यानं आतल्या भिंतीवर तिरक्या रेघांची बारीक जाळी उमटते. रिंग त्या जाळीवर घासते, दोघी एकमेकींना थोडं थोडं झिजवतात आणि मग घट्ट बसतात. पण रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण जेमतेम. खरा दाब पेट्रोल जळल्यावर होणाऱ्या गॅसचा. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार नसेल तर हा दाबही नसतो. मग रिंग ऑइलवरून नुसती घसरत राहते, ऑइल जळून भिंतीवर चिकटतं, रेघा बुजतात. त्या एकदा बुजल्या की नंतर कितीही पळवा, उपयोग नाही. सगळा खेळ पहिल्या काहीशे किलोमीटरचा. ते किलोमीटर बाबांनी अंगणात पेपर वाचत घालवले.

म्हणून यंदा सुरुवातच वेगळी केली. प्लग काढून ठेवले आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारला, म्हणजे बेअरिंगांना आधी ऑइल पोचावं. मग प्लग लावले, टायमिंग बघितलं, आणि इंजिन पेटल्याबरोबर ते स्लोवर सोडलं नाही. दोन हजाराच्या आसपास, कमीजास्त करत वीस मिनिटं. कॅम आणि टॅपेटला ऑइल उडून मिळतं, इंजिन मंद फिरलं तर ते पुरेसं उडत नाही आणि पहिल्याच दिवशी कॅमची नाकं घासतात. (हल्लीच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या काळजीपोटी जस्त कमी घालतात. जुन्या गाडीला ते हवं असतं, तेव्हा डबा विकत घेताना विचारून घ्या. आणि सिंथेटिक इतक्यात नको.) त्या वीस मिनिटांत बाबा तीनदा बाहेर येऊन "अरे, रेस कमी कर" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी घाट. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबायचं, इंजिन कण्हायला लागायच्या आत दुसरा टाकायचा. उतारावर गिअरमध्येच पाय काढायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होऊन ऑइल वर खेचलं जातं आणि घासलेला धातूचा कीस धुऊन निघतो. परत चढ, परत दाबायचं. एका वेगानं सरळ जायचंच नाही. जव्हार-मोखाड्याचा रस्ता तर ह्यासाठीच आखल्यासारखा, धड एक किलोमीटर सपाट नाही. अर्थात मस्ती करायची नाही. त्या काळच्या पुस्तिकांतल्या वेगमर्यादा अगदीच चूक नव्हत्या. इंजिन किंचाळेपर्यंत ताणू नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आपण त्याचा अर्थ 'काम देऊ नका' असा लावला. टॅक्सीवाल्याला असा अर्थ लावायची चैन नव्हती. इंजिन बांधलं की संध्याकाळी त्याला भाडं मारायचंच होतं.

बाबा शेजारी बसले होते. वय एकोणऐंशी. तोरंगणचा चढ संपेपर्यंत एक शब्द नाही, हात दाराच्या कडीला. मागच्या आरशात मी धूर शोधत होतो. सुरुवातीला थोडा होता, परत फिरलो तेव्हा नव्हता.

येताना मोखाड्यात ते म्हणाले, "थांबव." तो मिस्त्री पाच वर्षांपूर्वी गेला. त्याच जागेत त्याचा मुलगा पंक्चरचं दुकान चालवतो. त्यानं ओळखलं, "या सर, बसा," म्हणून स्टूल पुढे केलं. बाबा बसले नाहीत. मला बॉनेट उघडायला लावलं, ऑइलची पट्टी स्वतः ओढली, फडक्याला पुसली, परत घालून काढली आणि त्या पोराच्या डोळ्यांसमोर धरली. ऑइल वरच्या खुणेला होतं.

"तुझ्या वडलांनी बांधलेलं इंजिनही असंच राहिलं असतं," बाबा म्हणाले. "रिंगा नव्याच होत्या. मीच चालवलं नाही नीट."

पोरगा काही बोलला नाही. सत्त्याण्णव साली तो जन्मलाही नसेल. पण घरात कधीतरी ऐकलं असणार. चहा मागवला. तो येईपर्यंत त्यानं न सांगताच चारही चाकांची हवा बघितली. पुढच्या डाव्यात कमी होती, ती भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदलायचंय, हेडचे बोल्ट पुन्हा कसायचेत, टॅपेट बघायचेत. बाबा म्हणतात, ते मोखाड्यातच करू.