घाणेवाडीचा गाळ वेगळा, कुंडलिकेचा वेगळा

'कुंडलिकेचा गाळ शेतात टाका, नदीही मोकळी होईल आणि रानही सुपीक' ही एका पत्रलेखकाची सूचना ऐकायला गोड, पण घातक आहे. घाणेवाडी तलावातला गाळ शेतकऱ्यांनी नेला, त्याचे सोने झाले, हे खरे. पण तो तलाव जालना शहराच्या वरच्या अंगाला आहे. निजामकाळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. तोच न्याय शहरातल्या कुंडलिकेच्या पात्राला कसा लावणार?

जालन्यात भंगार वितळवून सळई होते. भट्टीच्या धुरातली बारीक धूळ बोटांत चोळली तर पिठासारखी लागते. तिच्यात जस्त आणि शिसे असते. अशी धूळ पावसाबरोबर ओढ्यातून नदीत उतरली, की वर्षानुवर्षे तळाशी बसून राहते. शिसे कुजत नाही. उपसून शेतात पसरले, तर ते फक्त जागा बदलते. पुढे कुंडलिका दुधनेला मिळते, तेव्हा प्रश्न एकट्या जालन्याचा नाही.

असा गाळ काढणे सोपे नसते. अमेरिकेत हडसन नदीत एका कंपनीच्या विद्युत उपकरणांच्या कारखान्यांनी 1977 पर्यंत सोडलेले रसायन काढायला 2009 ते 2015 एवढा काळ लागला. खर्च कंपनीने केला. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, राजस्थानातल्या बिछडी प्रकरणात, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी असे सांगितले. कागदावर तरी.

जेसीबी लावण्याआधी महापालिकेने पात्रातल्या गाळाचे नमुने तपासावेत आणि अहवाल लोकांसमोर ठेवावा. तोवर शेतकरी बांधवांनी शहरातला गाळ फुकट मिळाला तरी नेऊ नये.

— एक वाचक, जालना