कर शून्य असला तरी रिटर्न भरा

हिंगणघाटच्या बाजारात इन्कम टॅक्सचा विषय काढला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सर, आपल्याला कुठे टॅक्स लागतो?" उत्तर खोटे नाही. पंक्चरचे दुकान, वेल्डिंग, फळांची गाडी, शिलाई, बांगड्या, मालवाहू गाडी यांवर घर चालवणाऱ्या आपल्या बहुतेक लोकांना खरोखरच कर भरावा लागत नाही. पण त्यापुढचा प्रश्न, "मग रिटर्न कशाला भरायचे?", तो मला मान्य नाही.

मी करसल्लागार नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पालकांचे सरकारी कागद वाचून देण्याचे काम आपोआप शिक्षकाकडे येते, त्यातून जे समजले ते लिहितो आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. म्हणून कलमे न सांगता नियम सांगतो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. ४ ते १२ लाखांच्या दरम्यान कर निघतो, पण तेवढीच सूट मिळून तो शून्य होतो. नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. यातली मेख लक्षात घ्या. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की कर शून्य असूनही रिटर्न भरणे बंधनकारक आहे. धंद्याची वार्षिक विक्री ६० लाखांच्या वर असेल, तर नफा कितीही कमी असो, रिटर्न भरावेच लागते.

छोट्या दुकानदाराला वह्यांचे ओझे होऊ नये म्हणून सोपी सोय आहे. वार्षिक विक्री २ कोटींपर्यंत असेल तर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा दाखवायचा. ऑडिट लागत नाही. मालवाहू गाडीवाल्यांसाठी वेगळा हिशेब आहे. गाड्या १० पर्यंत असतील तर लहान गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे वर्षाचे ९०,०००. बाजार समितीतल्या अडत्यांनी मात्र सावध राहावे. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ही टक्केवारीची सोय नाही.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी क्यूआर कोड काढून टाकले. मोबाइलवर ती बातमी वाचून आपल्याकडेही काहींना तसेच करावेसे वाटते. तो प्रश्न जीएसटी नोंदणीच्या मर्यादेचा होता. प्राप्तिकरात क्यूआर कोडचा दर रोखीपेक्षा कमी आहे, हे वर पाहिलेच.

आता मुख्य मुद्दा. ६ आणि ८ टक्के हा किमान नफा आहे. खरा नफा जास्त असेल तर कायद्याने तो जास्तच दाखवायचा असतो. पण फॉर्म भरून देणारा किमान आकडा टाकतो आणि आपण खूश होतो. याची किंमत काय असते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

महामार्गावर गॅरेज चालवणारा ३८ वर्षांचा माणूस. घरी बायको आणि तीन मुले. वर्षाची विक्री ३० लाख, त्यात १२ लाख यूपीआयने आणि १८ लाख रोख. किमान नफा ७२,००० अधिक १,४४,०००, म्हणजे २,१६,००० रुपये. खरी कमाई महिन्याला ३५,०००, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. कोणताही आकडा लिहिला तरी कर शून्यच. आता नागपूर-हैदराबाद महामार्गावर, अल्लाह न करो, एका ट्रकने त्याला उडवले. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवताना उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि रिटर्न हा भरवशाचा पुरावा मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने पुढील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा आणि या वयासाठी १५ ने गुणायचे. २,१६,००० वरून ३४,०२,००० रुपये येतात. ४,२०,००० वरून ६६,१५,०००. बत्तीस लाखांचा फरक, आणि तो त्या मुलांच्या शिक्षणाचा आहे. रिटर्नच नसेल तर मजुरीच्या दरासारखे अंदाजाचे उत्पन्न धरले जाण्याची भीती असते. बँकेत दुकानासाठी किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी गेलात तरी आधी मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात.

काही गोष्टी खास आपल्या समाजाच्या. वर्तमानपत्रांतल्या कर वाचवण्याच्या लेखांत 'एचयूएफ उघडा' असा सल्ला असतो. हिंदू अविभक्त कुटुंबाची ती सवलत मुस्लिमांना नाही, त्यामागे लागू नका. उलट आपल्या वारसा कायद्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. वडिलांच्या पश्चात दुकानांचे भाडे थोरला भाऊ एकटाच आपल्या नावावर दाखवतो. ते भाऊ, बहिणी आणि आई यांच्या हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या रिटर्नमध्ये जायला हवे. एकावरचा भार कमी होतो आणि बहिणीचा हक्क कागदावर येतो. काही घरांत अडचण नेमकी हीच असते, हेही मला ठाऊक आहे.

बँकेचे व्याज अनेक जण स्वतःवर खर्च करत नाहीत, गरिबाला देऊन टाकतात. तो त्यांच्या ईमानाचा भाग. पण प्राप्तिकरात ते व्याज तुमचेच उत्पन्न आहे आणि ते दाखवावे लागते. पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात ते आधीच दिसत असते. जकात थेट गरजूच्या हातात दिली तर करात वजावट नाही. ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला दिली तरच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि रोख २,००० रुपयांपर्यंतच.

कर्ज-ए-हसना ही आपली सुंदर रीत आहे. पण २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेणे आणि रोख फेडणे, दोन्ही सहसा कायद्याला मान्य नाही. दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. साडू असो की जिवलग मित्र, पैसे खात्यातून खात्यात पाठवा आणि एका कागदावर लिहून घ्या. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उसनवारी लिहून ठेवण्याविषयीच आहे. "आपसात कसले लिहायचे?" असे म्हणणाऱ्याला ती दाखवा.

माझ्या नोकरदार भावाबहिणींना एक विनंती. 'रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे' असे म्हणणाऱ्याला हात जोडा. खोटे घरभाडे आणि खोट्या देणग्या दाखवून तो पैसे काढतो. सही तुमची असते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशाच प्रकरणांत देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. असे काही झाले असेल तर चार वर्षांपर्यंत जादा कर भरून अद्ययावत रिटर्न देता येते. नोटीस येण्याआधी ते करा.

सरकारी पोर्टलवर रिटर्न भरायला पैसे लागत नाहीत. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची, नाहीतर भरलेले न भरल्यासारखे. आपल्या गावात बीकॉम झालेल्या मुलामुलींची कमी नाही. जूनमधले दोन रविवार त्यांनी शाळेच्या एका खोलीत लॅपटॉप घेऊन बसावे. पॅन, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन लोकांना तिथवर आणण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेऊ.